पाणगढीचं आभाळ

श्रावणातला हा शनिवार आला की धुळ्याच्या बाजारात केळीचे खांब येतात. उद्या कानबाई बसायची असते ना! नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई बसते आणि तिच्या चौरंगाला चारी कोपऱ्यांना केळीचे खांब बांधतात. हातगाड्यांवर ते आडवे टाकलेले असतात, पानांसकट, बुंध्यात नुकते कापलेले. धुळ्यात राहून माझे केस पांढरे झाले, पण त्या गाड्यांसमोरून मला अजून सरळ चालत जाता येत नाही. खांब निवडायचं निमित्त करून कापलेल्या तोंडावर मी बोट टेकवतेच. गार, ओलं आणि जरासं चिकट लागतं.

आज सकाळीही टेकवलं, तर गाडीवाली खेकसलीच, ‘‘ओ ताई, साडी सांभाया! चिक लागी जाई, मंग निंघाव नही!’’

‘‘बाई, मी रावेरकडची आहे,’’ मी म्हटलं. ‘‘केळीचा चीक मला नका शिकवू.’’

‘‘मंग तं तुमले बठ्ठं मालूम शे,’’ ती हसली आणि तिने स्वतःच चांगले सरळ चार खांब काढून दिले.

रिक्षात खांब आडवेतिडवे कोंबून घरी आले, तर जुई मागच्या व्हरांड्यात बोर्ड मांडीवर घेऊन बसलेली. जुई म्हणजे माझी एकुलती एक मुलगी. चित्रकलेचं शिक्षण तिने इथेच धुळ्यात पुरं केलं, आता पुढचं शिकायला बडोद्याला जायचं म्हणते. महिनाभर घरात हेच चाललंय. आजही तिने कागदावरची नजर न काढता विचारलं, ‘‘आई, बडोद्याचं काय? सोमवारी त्यांना कळवायचंय.’’

‘‘पाहू,’’ मी म्हटलं.

म्हटलं आणि माझी मीच चमकले. आवाज माझा होता, पण शब्द आबांचा होता.

आबा म्हणजे माझे वडील. सातपुड्याच्या पायथ्याशी, रावेर तालुक्यात आमचं गाव, आणि आबा तिथले केळीवाले. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं, सही यायची नाही, सगळीकडे अंगठा. पण त्या अंगठ्याचा त्यांना केवढा तोरा! ‘‘सही खोटी करता येते, अंगठा नही,’’ असं चारचौघांत म्हणायचे. आणि बोलण्यात एकच शब्द, ‘पाहू’. मायने रेडिओ मागितला, पाहू. शेजारच्या नानांनी लग्नाला बैलगाडी मागितली, पाहू. मोठ्या आत्याने जत्रेला चला म्हटलं, पाहू. आमच्या घरात त्या शब्दाचा अर्थ ‘नाही’ असाच होता, फक्त तो ऐकल्यावर रडता यायचं नाही. कुणी नाही म्हटलेलंच नसायचं, मग रडणार कशावर?

तेव्हा ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी बारावी झाले होते आणि माझ्या डोक्यात धुळ्याचं चित्रकला विद्यालय भरलं होतं. ते भरवलं होतं आमच्या ड्रॉइंगच्या देसले सरांनी. सर धुळ्याकडचे. वर्गात शुद्ध बोलायचे, पण चित्र पाहून संताप आला की अहिराणी सुटायची आणि आम्ही रावेरकडच्या पोरी त्यांच्या ‘आहे’ऐवजीच्या ‘शे’ला तोंडावर पदर धरून हसायचो. खारीच्या केसांचा पहिला ब्रश त्यांनीच माझ्या हातात दिला. जलरंगात पांढरा रंग डबीतून घ्यायचा नाही, कागदाचाच ठेवायचा, हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की आजही मी पोरींना शिकवताना तेच सांगते. ‘‘बठ्ठं रंगी टाकशी तं उजेड कोठे ठेवशी?’’ मी सगळा कागद भरून टाकला की असं ते विचारायचे. या प्रश्नाचं उत्तर मला चित्रात सापडलं, संसारात अजून शोधते आहे.

तर धुळ्याची मुलाखत कानबाईनंतरच्या गुरुवारी होती. येताना जागेवर बसून काढलेलं एक निसर्गचित्र आणायचं, अशी अट. मी आबांना विचारलं. ओसरीवर बसून ते कोयत्याला धार लावत होते.

‘‘धुयाले?’’ हात न थांबवता ते म्हणाले. ‘‘एवढ्या लांब काहाले? चित्रं तं इथीबी काढते तू.’’

‘‘तिथे शिकले की शाळेत नोकरी मिळते, आबा.’’

‘‘पाहू.’’

संपलं! मी आत जाऊन चुलीपुढे बसले. मायने माझ्याकडे पाहिलं आणि भाकरी उलटली.

पण चित्र काढायला तर कुणाची बंदी नव्हती. आणि काढायचं काय, हेही ठरलेलं होतं: पाणगढी. गावाबाहेर मोठं तळं आणि तळ्याच्या मधोमध ती गढी. कुण्या जहागीरदाराने उन्हाळ्यात गारव्याला राहायला बांधली म्हणे. कुणी म्हणे त्याच्या आजारी मुलीसाठी बांधली, वैद्याने तिला पाण्याजवळ ठेवा सांगितलं होतं. खरं-खोटं गढीला ठाऊक. चार बुरूज, त्यांतला एक पडका, एकावर पिंपळ. उन्हाळ्यात तळं आटलं की पोरं चालत तिथे जायची. श्रावणात पाणी चढलं की गढीचं बेट व्हायचं आणि मग दिवाळीपर्यंत तिकडे कुणी फिरकायचं नाही. आत बाग आहे, एवढं सगळे सांगायचे. पावसाळ्यातली ती बाग मात्र कुणी पाहिलेली नव्हती.

मी काठावर बसून पाणगढी काढली. एकदा काढली, दोनदा काढली, तिसऱ्यांदा काढून सरांकडे नेली. सरांनी कागद लांब धरला, जवळ धरला, आणि त्यांचा पारा चढला.

‘‘सातपुडावर बर्फ कव्हय पडना?’’

मी पाहिलं तर खरंच! गढीमागचे डोंगर मी निळे काढून वर पांढरे शेंडे ठेवले होते. अगं बाई! हे कुठून आलं? सर म्हणाले, ‘‘हाई आपली गढी नही शे, हाई कॅलेंडर शे.’’ आणि मला लखकन कळलं. गावातल्या मारवाडी शेठच्या दुकानात गादीमागे एक कॅलेंडर होतं. परदेशातल्या कुठल्याशा सरोवरात बेट, बेटावर किल्ला, किल्ल्याला टोकदार मनोरे, पुढे फुलांचे ताटवे आणि मागे बर्फाचे डोंगर. साखर बांधून होईपर्यंत मी लहानपणापासून त्याच्याकडे बघत उभी राहायचे. वर्षं उलटली तरी शेठने ते काढलं नव्हतं. माझा पाणगढीचा बुरूजही वर जरा टोकदारच झाला होता. हसावं की रडावं कळेना.

सर मग शुद्धात आले. म्हणाले, ‘‘मंदा, काठावरून कुठलाही किल्ला कॅलेंडरसारखाच दिसतो. आत जाऊन बस. बागेत बस. तिथे जे दिसेल ते काढ.’’

आत जाऊन बस! जणू ओसरीवरून माजघरात जायचं होतं. तळं तुडुंब, होडी गावात नाही, आणि मुलाखत चार दिवसांवर. मी घरी येऊन मायला सांगितलं. आबा पलीकडे हातपाय धूत होते. त्यांना ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं, हेही कबूल. त्यांनी मान वर केली नाही. माझ्या मनाने घेतलं, झालं, आपलं धुळं बुडालं तळ्यात.

सोमवारी कानबाईला निरोप दिला. बायका डोक्यावर पाट घेऊन तळ्यावर गेल्या, फुगड्या झाल्या, कानबाई पाण्यात सोडली. मी सगळ्यांमागे उभी राहून गढीकडेच बघत होते. घरी आल्यावर कानबाईच्या प्रसादाचे रोट खाल्ले, तेही गढीचाच विचार करत.

मंगळवारी सकाळी आबांनी हाक मारली, ‘‘मंदे, तुवं ते रंगाचं सामान घे अन् चाल.’’

तळ्यावर येऊन पाहते तर काठाला तराफा लागलेला. केळीच्या खांबांचा. घड उतरवलेली झाडं बागेत आडवी करतातच, त्यांतलेच जाड खांब आबांनी पहाटे बैलगाडीतून आणून, आडव्या बांबूंना जखडून टाकले होते. अजून त्यांच्या तोंडांतून पाणी पाझरत होतं. आबांचे हात कोपरापर्यंत ओले होते. मी बघतच राहिले. इतक्या वर्षांत त्या माणसाने ‘पाहू’ म्हटलेली एकही गोष्ट झालेली मी पाहिली नव्हती.

‘‘आबा, तुम्हाला पोहता येतं?’’

‘‘नही,’’ ते म्हणाले. ‘‘म्हनून तं जाड खांब घेतले.’’

चिकाबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही. केळीचा चीक लागतो तेव्हा दिसत नाही. नुसतं पाणी वाटतं. हात पुसावा, विसरून जावं. आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सदऱ्यावर तपकिरी डाग वर येतो, आणि जितका धुवावा तितका पक्का होतो. आमच्या गावात वावरात जायचे कपडे वेगळे आणि गावात घालायचे वेगळे. नवी नवरी सासरी आली की सासू तिला आधी चुलीचं नाही, चिकाचं सांगायची. आबा तर याबाबत फारच काटेकोर. बागेतून आले की आधी माती चोळून हात धुणार, मग रॉकेलचा बोळा, मग साबण, आणि मगच पांढऱ्या धोतराला हात लावणार. हे लक्षात असू द्या.

आबा बांबू रेटत होते आणि मी सामान छातीशी धरून बसले होते. केळीचे खांब पाण्यात बुडत नाहीत, पण सारखे डुगडुगतात. मध्यावर आल्यावर आबांचा चेहरा पांढराफटक पडला. गढीच्या पायऱ्यांना तराफा टेकला, तेव्हा दोघांच्याही जिवात जीव आला.

आणि आत बाग होती! आजही लिहिताना माझा हात जरा थांबतो. मी काय काय रंगवून ठेवलं होतं मनात, कॅलेंडरसारखे ताटवे, आखीव वाफे. तसलं काही नव्हतं. पाण्याचे दगडी पाट होते, ते गवतात हरवलेले. मधला हौद पावसाने भरलेला, त्यात बेडूक. पडक्या सज्ज्यावरून जाई खाली उतरलेली. एक म्हातारी बकुळ, तिच्याखाली फुलांचा सडा, त्यावर चालायला नको वाटे. डाळिंबाची दोन झाडं एकमेकांत घुसलेली. आणि जिथे म्हणून मोकळी जागा होती तिथे तेरडा, गुलाबी, जांभळा, पांढरा, गुडघाभर. माळी जाऊन किती पिढ्या लोटल्या असतील, पण बाग आपली श्रावण आला की फुलायचं विसरली नव्हती. मी मोठ्याने म्हटलं, ‘‘आबा, किती सुंदर आहे हो!’’ आमच्या घरात ‘सुंदर’ हा शब्द मोठ्याने कुणी म्हणत नसे.

आबा मात्र एका कोपऱ्यात उभे होते. तिथे केळीचं एक बेट माजलं होतं, उंच, पातळ बुंध्यांचं. ‘‘अरे, हे तं आपलं वान नही,’’ ते म्हणाले. ‘‘हे जुनं हाये. माह्या बापाच्या वख्ती असे घड पाह्यले मी.’’ आणि लगेच कमरेचा कोयता काढून वाळकी पानं उतरवायला लागले. कुणाची केळी, कुणाची बाग! केळीवाल्याच्याने वाळकं पान बघवत नाही, एवढंच.

मी हौदाच्या काठावर बसले. पाणी न्यायला विसरले होते, म्हणून हौदाचंच घेतलं. कागद ओला केला आणि आधी आभाळ धरलं. जलरंगात आभाळाला दुसरी संधी नसते. रंग ओला आहे तोवर एका दमात खाली आणायचा, थांबलात की रेघ पडते. त्या दिवशी हात असा काही चालला की बस! वर किंचित राखाडी, खाली उतरत निळसर, आणि पिंपळामागे कोरा कागद. एकही डाग नाही. मग बुरूज, त्यावरचा पिंपळ, पडक्या भिंतीच्या खिंडारातून दिसणारं पाणी आणि त्यापलीकडे सातपुडा, ओला, हिरवा-निळा, पोटावर ढग घेतलेला. शेंड्यावर बर्फ बिर्फ काही नाही. तेरडा शेवटी नुसत्या ठिपक्यांनी. मधूनच बकुळीचं फूल कागदावर पडायचं, मी फुंकर मारायचे. कोयत्याचा आवाज येत होता. आयुष्यात इतकी निवांत मी त्यानंतर फार वेळा बसलेली नाही.

ऊन कलल्यावर मागे सावली पडली. आबा होते.

‘‘पाहू,’’ ते म्हणाले.

मला वाटलं, झालं, धुळ्याचं उत्तर आलं. मग कळलं की त्यांना चित्र बघायचं होतं. मी बोर्ड वर धरला. ते खूप वेळ बघत राहिले. पिंपळाकडे बघत, मग चित्रातल्या पिंपळाकडे. मग म्हणाले, ‘‘हा पिपय. हा हौद. अन् मी कुठी हाये याच्यात?’’

‘‘तुम्ही केळीआड होतात, आबा.’’

‘‘बरं,’’ म्हणाले. जरा हिरमुसल्यासारखे वाटले मला.

परतताना वारा सुटला होता, पाण्याला लाटा होत्या. चित्र तराफ्यावर ठेवलं असतं तर भिजलं असतं. आबा म्हणाले, ‘‘तू बांबू धर. मी हे धरतो.’’ आणि ज्या माणसाला पोहता येत नव्हतं तो माणूस डुगडुगत्या तराफ्यावर मधोमध उभा राहिला, दोन्ही हातांनी माझा बोर्ड डोक्यावर धरून, आदल्या दिवशी बायकांनी कानबाई नेली होती तसा. शिंतोडे त्यांच्या तोंडावर येत होते. पुसायला हात मोकळा नव्हता. मी बांबू रेटत होते, वाट चुकत होते आणि रडत होते. वाऱ्याच्या शिंतोड्यांत ते खपून गेलं.

बुधवारी सकाळी चित्र गुंडाळायला घेतलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. आभाळात डाग होता. बुरुजाच्या वर, उजवीकडे, जिथे सगळ्यात स्वच्छ होतं तिथेच. फिकट तपकिरी, लांबट गोल, आणि नीट पाहिलं तर त्यात रेघा. अंगठा होता तो. संध्याकाळपर्यंत गडद झाला.

मी जी काय किंचाळले! माय धावत आली. तिने पाहिलं, तोंडावर हात ठेवला आणि मग म्हणाली, ‘‘तिथी एक पाखरू काढून टाक ना, मंदे. आभायात पाखरू राह्यतंच.’’ मी ब्रश घेतलाही. पण एवढं मोठं पाखरू त्या बुरुजावर बसलं असतं तर बुरूज पडला असता. देसले सरांकडे धावले. त्यांनी चित्र पाहिलं, डाग पाहिला, चित्र पुन्हा पाहिलं. म्हणाले, ‘‘हात लावू नकोस. असंच ने.’’

आबा दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. नुसता स्वतःचा उजवा हात उलटा-सुलटा करून पाहिला.

गुरुवारी पहाटे ते धोतर-टोपी घालून तयार. भुसावळला एस.टी. बदलली, जळगावला बदलली. पारोळ्याच्या पुढे कापसाची शेतं लागली. आबा हात उपरण्याखाली घेऊन बसले होते. धुळ्यात उतरल्यावर विद्यालयाच्या आवारात निंबाखाली बाकावर बसले आणि म्हणाले, ‘‘जाय.’’

आत तिघं जण होते. दोन सर आणि मधे एक वयस्कर बाई, चष्मा साखळीला अडकवलेला. बाईंनी चित्र टेबलावर पसरलं. एका सरांनी लगेच बोट ठेवलं, ‘‘आभाळ खराब केलंत की हो.’’ बाई मात्र वाकून बघत होत्या.

‘‘हा अंगठा आहे. कुणाचा?’’

‘‘आमच्या आबांचा. वडिलांचा. केळीचा चीक होता हाताला. चित्र भिजू नये म्हणून त्यांनी धरलं होतं.’’ मग गढी, तराफा, सगळं एका दमात सांगितलं. सांगून झाल्यावर एका सरांनी घड्याळाकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं.

बाई हसल्या. म्हणाल्या, ‘‘बाकीच्या मुलींना मी विचारते, घरच्यांची संमती आहे ना? हिला विचारायलाच नको. अंगठा दिलाय वडिलांनी.’’

मला घेतलं, हे तिथेच सांगितलं.

बाहेर आले तर आबा बाकावरून उठून उभे राहिले. ‘‘झालं?’’

‘‘झालं. घेतलं मला.’’

‘‘डाग पाह्यला त्यायनं?’’

‘‘पाहिला. त्यांच्यातल्या बाई म्हणाल्या, अंगठा आहे म्हणजे वडिलांची संमती आहे.’’

आबांनी उपरण्यातून हात बाहेर काढला. अंगठ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, ‘‘मी तं ‘पाहू’ म्हनलो व्हतो.’’

आणि हसले. आधी ते हसले, मग मी हसले, आणि निंबाखाली आम्ही दोघं इतके हसलो की शिपाई बघायला आला. आबांचे डोळे ओले झाले होते. उपरण्याने पुसताना ते म्हणाले, धूळ फार आहे तुझ्या धुळ्यात.

नव्वदच्या दशकात मी इथेच शाळेत चित्रकला शिकवायला लागले, इथलीच झाले. लग्न, जुई, इथल्या इथे बदल्या, परीक्षांचे गठ्ठे. आबा वर्षातून एकदा यायचे, केळीचा घड घेऊन. भिंतीवर ते चित्र बघायचे आणि म्हणायचे, ‘‘आता मी हाये याच्यात.’’ पाणगढीच्या तळ्यात पुढे गाळ भरला. आता म्हणे भर श्रावणातही मोटारसायकल जाते बागेपर्यंत. मी गेले नाही. मला जायचंही नाही.

आबा गेल्यानंतरच्या वर्षी माय माझ्याकडे राहायला आली होती. दुपारी चित्रासमोर बसून तांदूळ निवडत होती. एकदम म्हणाली, ‘‘मंदे, केयीवाल्याले चिक समजत नही व्हय? जन्मात नव्या धोतराले डाग लागू देल्हा नही त्या मानसानं.’’

मी हातातलं टाकून तिच्याकडे बघत राहिले. ‘‘म्हणजे? मुद्दाम?’’

‘‘मले काय माहीत,’’ ती म्हणाली आणि तांदळातला खडा बाहेर टाकला.

त्यावर मी किती वर्षं विचार केला! मुद्दाम लावला असेल, तर कशासाठी? पोरीचं चित्र बिघडावं, तिला परत पाठवावं, पोर घरी राहावी म्हणून? की अंगठा द्यायचाच होता आणि तोंडाने ‘जा’ म्हणवत नव्हतं म्हणून? की खरंच लाटांच्या भीतीत विसरले? तरुण होते तेव्हा मला यातलं एकच काहीतरी खरं असावंसं वाटायचं. आता जुईकडे बघते आणि कळतं की जाऊ नये आणि जावं, दोन्ही एकाच माणसाला एकाच वेळी वाटू शकतं, आणि अगदी मनापासून वाटतं. जुईचे बाबा आता नाहीत; ती गेली की या घरात संध्याकाळी दिवा लावायला मी एकटी. याची मला भीती वाटते, सरळ सांगते. महिनाभर मी त्या भीतीलाच ‘पाहू’ म्हणते आहे.

चित्र अजून त्याच भिंतीवर आहे. शाळकरी डबीतले स्वस्त रंग ते, किती टिकणार? तेरड्याचा गुलाबी आधी गेला. मग सातपुडा फिकटला. आभाळ तर आता जवळजवळ कोरा कागद आहे. डाग तेवढा आहे, तेव्हापेक्षा गडद, रेघन् रेघ दिसते.

दुपारी खांब चौरंगाच्या मापाचे करायला बसले. कोयत्याने एकेकाचा बुंधा छाटला. चीक पाझरला, बोटांवर आला. मातीने चोळून धुवायला म्हणून उठले आणि मागच्या व्हरांड्यात गेले. जुईचं चित्र संपत आलं होतं. आमचंच अंगण होतं त्यात, तुळस, दोरीवरची माझी साडी, आणि उजेड. पोरीने उजेड ठेवला होता. मी वाकले आणि खाली उजव्या कोपऱ्यात, सही करतात तिथे, अंगठा नीट दाबून धरला.

‘‘आई! हात तरी पुसून यायचा ना! काय लावलंस?’’ तिने बोर्ड ओढून घेतला, उजेडात तिरका करून पाहिला. ‘‘काही नाहीये इथे.’’

‘‘आत्ता नाही दिसायचं,’’ मी म्हटलं. ‘‘सोमवारपर्यंत दिसेल.’’